पैलवानांची तुलना : सात रस्त्यावरच्या नवशिक्यांसाठी

‘खाशाबा मोठे की मारुती माने?’ हा प्रश्न सोलापुरात, तोही सात रस्त्याला चहाच्या गाड्यावर विचारायचा असेल, तर थोडी पूर्वतयारी लागते. कुस्ती यायलाच हवी असं नाही. येत असेल तर उलट अडचण, कारण जो खरंच लढलाय तो चहा पितो, पैसे देतो आणि निघतो. म्हणून तोंड उघडण्याआधी मंडळींचे कान बघून घ्या. पाकळी आत मुरगळून तिचा घट्ट गोळा झालेला कान कुठं दिसला, तर डावपेचांवरचं व्याख्यान त्या दिवशी पुढं ढकला. बाकी गर्दीत कुणाचीही छाती जरा रुंद दिसली की ‘काय पैलवान’ म्हणायला हरकत नाही. इथं तसं म्हणतातच.

यानंतर आपला माणूस ठरवा. खरं तर तो ठरलेलाच असतो. तुम्ही शाळेत असताना जो जिंकत होता, तोच सर्व काळातला श्रेष्ठ. साठीच्या गृहस्थांनी हरिश्चंद्र बिराजदारांना धरावं. १९७७ साली त्यांनी सतपालला हरवलं, हे वाक्य आवाज चढवून म्हणावं. त्याहून वडीलधारे असतील त्यांच्यासाठी १९६२चं जकार्ता राखीव आहे. त्या एशियाडमध्ये गणपत आंदळकर आणि मारुती माने यांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. तिशीतल्यांनी नरसिंग यादव किंवा विजय चौधरी यांच्यापैकी एक निवडावा. दोघांनीही महाराष्ट्र केसरी सलग तीनदा मारली आहे, त्यामुळे वाद बराच वेळ पुरतो. विशीतल्यांनी काही बोलू नये. मोबाइल काढून सिकंदर शेखची क्लिप लावावी.

आता हत्यारं. जुन्यांचं हत्यार एकच, ‘त्या काळी’. त्या काळी लाल माती होती, कुस्ती निकाली होती, पाठ लागेपर्यंत सुटका नव्हती. तासभर झुंजून शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली, तरी लोक हलगीच्या तालावर घरी जायचे. नव्यांनी यावर घाबरून जाऊ नये. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या असतात, त्यात दम खायला जागा नसते, असं शांतपणे सांगावं. ‘काय सांगायलाव काका, सहा मिनिटात जीव जातोय’ एवढं पुरे. दोघांचंही खरं असतं, त्यामुळे इथं अर्धा तास आरामात निघतो.

खाशाबा जाधवांचं नाव मात्र सगळ्यांत शेवटी काढा. ते आधी आलं की बाकीचे पत्ते फुकट जातात. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. तिथं बँटमवेटमध्ये कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडावं लागलं, लिएंडर पेसचं. मधली ४४ वर्षं ही खाशाबांची खरी उंची, असं माझं मत. पण गाड्यावर ते मांडून उपयोग नाही, कारण समोरचा लगेच विचारतो, ‘मग पद्म का नाही मिळाला?’

प्रश्न बरोबर आहे. गावी परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, नंतर पोलिसात फौजदारकी मिळाली, आणि नाव हळूहळू मागं पडलं. १९८४ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार आला तो मरणानंतर. आता दिल्लीत कुस्तीचं सभागृह त्यांच्या नावानं आहे आणि १५ जानेवारी, म्हणजे त्यांचा जन्मदिवस, हा राज्याचा क्रीडा दिन आहे. कर्तृत्व आणि कीर्ती यांचे हिशेब एका वहीत लिहिता येत नाहीत, हे नवशिक्यानं इथंच समजून घ्यावं.

कुणी मुष्टियुद्धाकडे वळलं तर वळू द्या. तिकडेही हाच घोळ आहे. जो लुईनं १९३८मध्ये मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत लोळवलं, तेव्हा जग रेडिओला कान लावून होतं. चौदा वर्षांनी खाशाबा हेलसिंकीत लढले, तेव्हा कराडात कोण काय ऐकणार? मोहम्मद अली सैन्यात जायला नकार देऊन १९६७मध्ये किताब घालवून बसला आणि १९७४ला किन्शासात फोरमनला पाडून तो परत घेतला. ठोसे त्याचे भारीच होते, पण त्याच्या ‘नाही’ म्हणण्यानं तो रिंगणाबाहेरच्यांचा झाला. आमच्याकडच्या चॅम्पियनला असा नकार द्यायची वेळ आली नाही. तालमीचा भाडेकरार संपण्याची वेळ तेवढी येते.

प्रभाव मोजायची माझी पद्धत वेगळी आहे. भांडणात कुणाचं नाव निघतं ते ऐका. ‘स्वतःला काय दारासिंग समजतोस काय बे?’ हे वाक्य अजून चालतं, बोलणाऱ्यानं दारासिंगाची एक कुस्ती पाहिलेली नसली तरी. ‘खाशाबा समजतोस काय’ असं कुणी म्हणत नाही. पदक एकाचं, टोमणा दुसऱ्याचा. दारासिंगानं सिनेमे केले, १९८७पासून दूरदर्शनच्या रामायणात हनुमान झाला. मग काय, तालमीतल्या देव्हाऱ्यापासून घरातल्या टीव्हीपर्यंत तोच. मुष्टियोद्ध्यांसाठी कसोटी आणखी सोपी आहे. गल्लीतल्या कुत्र्याचं नाव काय? टायसन. २०व्या वर्षी जगज्जेता झालेल्या माणसाला सोलापुरानं दिलेला हा मान आहे, आणि तो अलीच्या वाट्याला आलेला नाही. यावरून कोण मोठा ते काढू नका. कोण कुठवर पोचला, एवढंच काढा.

गाड्यावर एखादी मुलगी उभी असेल तर ती प्रतीक्षा बागडीचं नाव घेईल. २०२३ला सांगलीत झालेली पहिली महिला महाराष्ट्र केसरी तिनं जिंकली. यावर ‘ते वेगळं’ असं म्हणणाऱ्याला चहाचं बिल द्यायला लावा.

आणि एक धोक्याची सूचना. जानेवारी २०२३ची पुण्यातली महाराष्ट्र केसरी हा विषय नवशिक्यानं काढायचा नाही. माती गटात महेंद्र गायकवाडनं सिकंदरला टाकलेल्या बाहेरच्या टांगेला चार गुण द्यायचे होते की नव्हते, यावर अजून निकाल लागलेला नाही. पंचांनी लावला होता, तो इथं कुणी मानत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिकंदरनं फुलगावला शिवराज राक्षेला काही सेकंदांत आडवं करून किताब घेतला, तरी टांग मिटली नाही. त्यात सिकंदर मोहोळचा आणि महेंद्र मंगळवेढ्याकडचा, म्हणजे दोघंही आपल्याच जिल्ह्यातले आणि दोघांचेही गाववाले याच गाड्यावर. विषय निघालाच आणि कुणी तुम्हाला गाव विचारलं, तर सरळ बार्शी म्हणून सांगा.