ठराव सर्वानुमते मंजूर

श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या संपत्तीतला वाटा आफ्रिकेतल्या गरिबांना द्यावा की नाही, यावर संयुक्त राष्ट्रांत १९७० पासून खल चालू आहे. मीरा रोड पूर्वेच्या आमच्या सोसायटीनं हा प्रश्न एका रविवारी चार मिनिटांत निकालात काढला. त्याआधी इमारतीला बाहेरून कोणता रंग द्यायचा यावर पावणेदोन तास गेले होते. ए विंगला क्रीम हवा होता आणि बी विंगला क्रीम सोडून काहीही. समोसे गार झाले होते. अशा वेळी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या कलमाखाली दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर उठले आणि त्यांनी आफ्रिका काढली.

ठराव त्यांनी घरून लिहूनच आणला होता. ‘जगातील श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या संपत्तीतील योग्य वाटा आफ्रिका खंडातील गरीब जनतेस द्यावा, असे या सभेचे ठाम मत आहे.’ सूचक मास्तर, अनुमोदक खजिनदार. खटाखट हात वर झाले. क्रीमवाले आणि क्रीमविरोधक पहिल्यांदाच एका बाजूला दिसले. दुसऱ्याच्या पैशानं दानधर्म करायला आमच्या मीरा-भाईंदरात कधी कोणी हात आखडता घेतलेला नाही.

मग मास्तरांनी आकडे काढले. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम गरीब देशांना मदत म्हणून द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ऑक्टोबर १९७० मध्ये ठरवलं. त्यानंतर अर्धं शतक उलटलं. २०२३ साली हा आकडा गाठणारे देश निघाले पाच: नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन, जर्मनी आणि डेन्मार्क. सगळ्या दात्या देशांची बेरीज काढली तर ०.३७ टक्के. अमेरिका ०.२४. इंग्लंडनं २०१५ मध्ये ०.७ चा चक्क कायदा केला, २०२१ मध्ये आकडा ०.५ वर आणला आणि आता २०२७ पर्यंत ०.३ वर आणणार आहे. अमेरिकेनं तर मदत वाटणारं यूएसएड हे खातंच २०२५ च्या जुलैत गुंडाळलं.

“कायदा स्वतःच करायचा आणि स्वतःच पाळायचा नाही?” चेअरमनना खरोखर संताप आला. त्यांची दुसरी गाडी त्या वेळी पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उभी होती.

घात केला तो खजिनदारांनी. त्यांना कुठलाही टक्का ऐकला की तो कशाला तरी लावून बघायची सवय आहे. “आपला महिन्याचा मेंटेनन्स साडेतीन हजार. त्याचे ०.७ टक्के म्हणजे साडेचोवीस रुपये,” ते म्हणाले. सभागृहात, म्हणजे पोडियममध्ये, शांतता पसरली. आपण श्रीमंत आहोत की गरीब, हा प्रश्न आमच्या सोसायटीसमोर प्रथमच रुपये-पैशांत उभा राहिला होता. सी विंगच्या एका काकांनी तोडगा काढला: “आपण विकसनशील आहोत. डाव्या बाजूची लिफ्ट गणपतीपासून बंद आहे.” ठरावात लगेच दुरुस्ती सुचवली गेली, ‘सदर ठराव या संस्थेस लागू राहणार नाही.’ तीही सर्वानुमते.

“घाबरू नका, वर्गणी मागत नाही,” मास्तर म्हणाले. “तुम्ही देताच आहात.” त्यांनी आयटीतल्या एका तरुणाला मोबाइलवर पगाराची स्लिप उघडायला लावली. पीएफ आणि इन्कम टॅक्सच्या मध्ये अंग चोरून बसलेली एक ओळ होती: पी. टी., २०० रुपये. कसले हे दोनशे? पोरगा आठ वर्षं नोकरी करतोय, पण त्यानं कधी विचारलं नव्हतं. एचआरचं काहीतरी असेल, एवढाच त्याचा अंदाज.

तो व्यवसाय कर. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात १९६५ साली एक प्रयोग करून पाहिला, मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात त्या कल्पनेनं राज्यभर माणसं जगवली. पैसा आणायचा कुठून, तर शहरातल्या पगारदाराकडून, म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २००५ मध्ये दिल्लीनं त्याच वाटेनं देशभराचा कायदा केला. म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यानं नसलेल्याला द्यावं का, याचा निकाल महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वीच लावून टाकला. आपल्याला न विचारता लावला, म्हणून तो टिकला. सोसायटीच्या सभेत आणला असता तर आजपर्यंत कोरमअभावी तहकूब राहिला असता.

बीडकडच्या काकूंना बहात्तर आठवलं. शाळेत मिळणारी सुकडी आठवली. अमेरिकेहून आलेली तांबडी मायलो ज्वारी आठवली, थापायला घेतली की भाकरी काठाला फाटायची ती. “नावं ठेवत खाल्ली, पण खाल्ली,” काकू म्हणाल्या. अमेरिकन गव्हाबरोबर गाजरगवतही आलं म्हणतात. गहू केव्हाच संपला, गवत अजून उपटतोय. मदत घेणाऱ्याची बाजू या सभेत जिनं प्रत्यक्ष भोगली होती अशी ती एकटीच बाई. तिला बोलायला अर्धं मिनिट मिळालं, कारण खजिनदारांनी कॅल्क्युलेटर पुन्हा उघडला होता.

त्यांनी पी. टी.चे टक्के काढले. पगार पन्नास हजार असेल तर दोनशे म्हणजे ०.४ टक्के, जगातल्या दात्या देशांच्या सरासरीच्या वर. टाळ्या पडल्या. पगार त्र्याऐंशी हजारांच्या आसपास असेल तर ०.२४, म्हणजे माणूस बरोबर अमेरिका. चेअरमनचा पगार दोन लाखांवर आहे, त्यांचा आकडा ०.१ टक्क्याच्याही खाली गेला. त्या पायरीवर कोणता देश बसतो हे मास्तरांनी सौजन्यानं सांगितलं नाही. या कराला राज्यघटनेनंच वर्षाला अडीच हजारांचं झाकण घातलंय. १९८८ पासून ते तेवढंच आहे, म्हणून तर फेब्रुवारीत तेवढे तीनशे कापून हिशोब जुळवतात. मधल्या काळात मीरा रोडच्या फ्लॅटचे भाव कुठून कुठे गेले ते इथे लिहीत नाही, संपादकांना सदर छोटं हवं असतं.

मग कोणीतरी गंमत म्हणून गेटवरच्या वॉचमनला हाक मारली. बारा तासांची ड्युटी, पगार अठरा हजार. एजन्सी त्याचेही दोनशे कापते. खजिनदारांनी भागाकार केला, पुन्हा केला. १.१ टक्के. २०२३ साली जगात पहिला आलेला नॉर्वे एक टक्क्याच्या जरासा वर होता. म्हणजे जगातलं सर्वांत उदार राष्ट्र आमच्या गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतं, आणि डाव्या लिफ्टबद्दल बोलणी खातं. त्याला एक गार समोसा देण्यात आला.

इथे सभा हसतखेळत संपली असती. पण मास्तरांना जन्मभराची खोड आहे, घंटा झाल्यावर एक प्रश्न विचारायचा. “आपल्याकडे पाणी कुठून येतं?”

“टाकीतून,” बी विंग म्हणाली.

टाकीत कुठून, हे मास्तरांनीच सांगितलं. स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं पाणी उल्हास नदीतून, एमआयडीसीचं बारवी धरणातून. तेही पुरत नाही, म्हणून सूर्या योजना. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीचं रोजचं ४०३ दशलक्ष लिटर पाणी, त्यातलं १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. डोंगर पोखरून, खाडीखालून जलवाहिनी आणायची. वसई-विरारपर्यंत ती आधी पोहोचली, आणि आमच्याकडे उशीर झाला म्हणून आम्ही इतकी वर्षं आंदोलनं केली, हंडे वाजवले. हंडे वाजवले ते सूर्याचं धरण खरं कोणासाठी बांधलं होतं ते न विचारता. ते बांधलं होतं डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतांसाठी. चौदा हजार हेक्टरांहून जास्त जमीन त्यावर भिजायची होती, आणि ती बहुतांशी आदिवासींची. त्यांनीही आंदोलनं केली, पण त्यांना उत्तर मिळालं की पिण्याच्या पाण्याला प्राधान्य हे राज्याचं धोरणच आहे. कोणाच्या पिण्याच्या, ते धोरणात लिहिलेलं नसतं. पलीकडे मोखाड्यात मध्य वैतरणाचं जंगी धरण आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं आणि तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तिथल्या बायका म्हण म्हणून वापरत नाहीत, पत्ता म्हणून सांगतात. (आम्ही काहीच वाटून घेत नाही असं मात्र नाही. शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावर वर्षानुवर्षं नियमानं पोहोचता केलाय.)

“याचा आफ्रिकेशी काय संबंध?” सेक्रेटरींनी घड्याळ दाखवलं.

मास्तरांनी शेवटचा कागद काढला. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेचा, अंक्टाडचा, २०२० चा अहवाल. आफ्रिकेतून दरवर्षी सुमारे ८८.६ अब्ज डॉलर बेकायदा मार्गांनी बाहेर जातात. खोटी बिलं, लपवलेला नफा, सोन्या-हिऱ्यांच्या दडवलेल्या किमती. त्या खंडाला मिळणाऱ्या सगळ्या सरकारी मदतीपेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी आहे. श्रीमंत देश काय देतात त्याची पुस्तिका रंगीत छापतात, काय नेतात त्याचं मीटर कोणी बसवलेलं नाही. खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. एकच बाजू लिहिलेली वही ऑडिटर चालवून घेत नाही, एवढं त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

आमच्या गावानं मात्र एकदा ही वही परस्पर जुळवायचा प्रयत्न केला, हे नमूद केलं पाहिजे. साल २०१६. त्या मे महिन्यात पंतप्रधानांनी केरळच्या प्रचारसभेत तिथल्या आदिवासी बालमृत्यूंची तुलना सोमालियाशी केली. केरळ चिडलं, सोमालियाला कोणी विचारलं नाही. सप्टेंबरात मोखाड्यातल्या कुपोषणाच्या बळींनी महाराष्ट्राचे मथळे व्यापले. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घातल्या, एका रात्रीत सातशेहून जास्त तरुण-तरुणी ताब्यात घेतल्या. ही मुलं अमेरिकन उच्चारात अमेरिकन नागरिकांना फोन करून आपण आयकर खात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक होईल, असं सांगत. दंड आयट्यून्सच्या गिफ्ट कार्डांत स्वीकारला जाई. श्रीमंत राष्ट्राकडून गरीब राष्ट्राकडे थेट हस्तांतरण, मध्ये ना जागतिक बँक ना नोकरशाही. फक्त तिकडे पैसे द्यायचा तो घाबरलेला म्हातारा किंवा नुकता स्थायिक झालेला माणूस, आणि इकडे आलेल्या डॉलरांतला एकही शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या मोखाड्याला पोहोचला नाही. म्हणजे ही योजनासुद्धा बऱ्याचशा परदेशी मदतीसारखीच चालली.

एवढं झाल्यावर मास्तरांनी मूळ काम काढलं. सी विंगमधल्या एका फ्लॅटमालकाचा अर्ज कमिटीकडे तीन महिने पडून होता. भाडेकरू घानाचा, मुंबईत शिकायला आलेला. ना हरकत पत्र हवं होतं. “मघाशी आपण आफ्रिकेला मदत करण्याचा ठराव सर्वानुमते केलाय,” मास्तर म्हणाले.

“तो श्रीमंत राष्ट्रांसाठी होता,” सेक्रेटरी म्हणाले. “आणि आपल्याला लागू नाही अशी दुरुस्तीही आहे.”

हरकती भराभर आल्या. रात्री उशिरा येतील, मोठ्यानं बोलतील, स्वयंपाकाचा वास येईल. हरकत घेणाऱ्यांपैकी निम्म्यांची मुलं टोरांटोत कोणाच्या तरी तळघरात भाड्यानं राहतात आणि तिथे फोडणी घालताना धुराचा अलार्म वाजतो, हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्वांना ठाऊक आहे. मास्तरांनी हबशी मलिक अंबरचं नाव घेतलं. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, पुढे निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. जमीन महसुलाची घडी बसवली. डोंगरातून जमिनीखालून नहर आणून त्या कोरड्या गावाला पाणी पाजलं, आणि ती नहर काही शतकं चालली. आफ्रिकेनं महाराष्ट्राला दिलेली ही मदत. तिच्यावर व्याज लावलेलं नव्हतं, सल्लागार पाठवलेले नव्हते आणि उद्घाटनाच्या तीन तारखाही झाल्या नव्हत्या.

“ते सगळं खरं,” सेक्रेटरी म्हणाले, “पण त्यांचा फॉर्म सी भरला होता का?”

परदेशी भाडेकरू राहायला आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती फॉर्मात भरून द्यावी लागते, सेक्रेटरींचं काही चुकलं नव्हतं. फॉर्म भरून तयार आहे, पोलिसांकडची नोंदणीही झाली आहे, असं फ्लॅटमालकानं सांगितलं. तरी कमिटी तयार होईना. शेवटी तो जरा खालच्या आवाजात म्हणाला की आपल्या माणसाला हा फ्लॅट बावीस हजाराला जातो, परदेशी असल्यामुळे याला तीस सांगितले आणि यानं मान्य केले. डिपॉझिट दुप्पट. शिवाय संस्थेला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मिळतील ते वेगळेच.

खजिनदारांनी आकडा लावून पाहिला आणि चेअरमनकडे पाहिलं. ना हरकत पत्र दुसऱ्या दिवशी निघालं. आफ्रिकेकडून मीरा रोडला येणारी मदत आता दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत जमा होते, आणि तिची रीतसर पावती मिळते.