साडेतीन शहाण्यांची सहल

पंचांगातल्या वसंताची आणि कवितेतल्या वसंताची कधी गाठ पडत नाही. पंचांग चैत्र-वैशाखाला वसंत म्हणतं, आणि त्या दिवसांत पुण्यात भर दुपारी कोकिळा ऐकायला निघालेल्या माणसाला घरचे लोक खिशात कांदा घालून पाठवतात. त्यातून मार्च म्हणजे ऑफिसात इयर एंडिंग, घरात परीक्षा आणि गच्चीवर पापड. या तिन्हींच्या फटीतून जेवढा वसंत सापडेल तेवढ्यात सहल उरकायची, ही आपल्याकडची रीत. होळी झाली की ‘कुठेतरी जाऊन येऊ या’ हे वाक्य घरोघरी निघतं. ते कोणी काढलं होतं, हे घाटात गाडी तापल्यावर कोणीच कबूल करत नाही.

पेशवाईच्या काळात साडेतीन शहाणे गाजले. सखारामबापू, देवाजीपंत आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे. कारण नानांचं काम लेखणीचं, तलवारीचं नाही. इतिहासात हे साडेतीन जण एका गाडीतून सहलीला गेल्याची नोंद नाही, म्हणून त्यांचं शहाणपण टिकलं. आमचे साडेतीन दरवर्षी एकाच टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसतात.

पहिले शहाणे म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांना महाराष्ट्रातले सगळे रस्ते पाठ आहेत, फक्त त्या दिवशी चालू असलेला सोडून. दुसरे नणंदेचे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आपल्याकडे कुठेही जा, थोड्या वेळाने एखादं धरण लागतंच, त्यामुळे त्यांना विषयाची टंचाई नाही. तिसऱ्या सासूबाई, अन्नखातं त्यांच्याकडे. आणि अर्धा शहाणा माझा नवरा. वर्गणी, हिशेब, सुटे पैसे सगळं त्याच्या पाकिटात, म्हणजे फडणविशीच. लढाईला तोंड फुटलं की तो ‘गाडी कुठे लावता येते बघतो’ म्हणून खाली उतरतो, आणि समोर मोकळं मैदान असलं तरी बराच वेळ बघत राहतो.

यंदा वाईला जायचं ठरलं, आणि नेमकी रंगपंचमी धरली. सहाला निघायचं म्हणून सव्वाआठला निघालो. खंबाटकी चढायच्या आतच तिखटमिठाच्या पुऱ्या सुटल्या. ‘बाहेरचं कशाला खायचं?’ हे सासूबाईंचं धोरण, आणि ते त्या बाहेरची भजी खाता खाताही मांडू शकतात. पुढे दिरांनी ड्रायव्हरला गर्दी टाळणारा एक खास रस्ता सांगितला. त्या रस्त्याने आम्ही थेट बावधनच्या बगाडाच्या गर्दीत जाऊन उभे राहिलो. पाटी वाचून भाचा म्हणाला, “मामा, हे तर चांदणी चौकाजवळ आहे. आपण परत पुण्यात आलो का?” हे बावधन वाईजवळचं, भैरवनाथाचं. रंगपंचमीला तिथे बगाड निघतं: अवजड चाकांचा लाकडी गाडा, त्यावर उंच शीड, शिडाला बांधलेला माणूस म्हणजे बगाड्या, आणि ओढायला बैलांच्या जोड्यांमागून जोड्या. सगळं शिवारातून चाललेलं. मला ते बघून फार बरं वाटलं. आमच्याशिवायही एवढी माणसं एकाच वेळी सूचना देतात आणि तरी गाडा पुढे सरकतो!

तोवर नणंदेच्या यजमानांनी धोम धरणाची सांडव्यासकट माहिती दिली, सासूबाईंनी पुढच्या-मागच्या दोन अनोळखी गाड्यांना दशम्या वाटल्या आणि नवरा गाडी लावायला जागा बघायला गेला. गाडी रस्त्यातच अडकली होती, हा भाग वेगळा.

मेणवलीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. कृष्णेच्या काठचा नाना फडणवीसांचा वाडा, खाली दगडी घाट, आणि तिथे टांगलेली ती प्रसिद्ध पोर्तुगीज घंटा. १७०७ सालची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण इथे आली. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. सासूबाईंनी तिला मनोभावे हात जोडले. लेकुरवाळी बाई आहे म्हटल्यावर त्यांना धर्म विचारायची गरज वाटत नाही. नणंदेला मात्र एवढंच हवं होतं, की ‘स्वदेस’मध्ये शाहरुख नेमका कोणत्या पायरीवर बसला होता. २००४ च्या त्या सिनेमाचं चित्रीकरण या घाटावर झालंय. दिरांनी ताबडतोब एक पायरी दाखवली. नणंद तिच्यावर बसून फोटो काढून घेत होती, तेवढ्यात ते म्हणाले, “नाही, पलीकडची असेल.”

अशा सहलीत दमणूक होते, पण एक सोय असते. चुकलं काही की ते कोणाचं, हे आधीपासून ठरलेलं असतं.

म्हणूनच एप्रिल लागल्यावर नवरा जेव्हा म्हणाला, “आपण दोघंच जाऊ या कुठेतरी. समुद्रावर,” तेव्हा मला आनंदापेक्षा काळजी जास्त वाटली. सासूबाईंनी उदार मनाने परवानगी दिली. “जा की. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आता नाही जायचं तर कधी? पण दोघंच जाऊन करणार काय?” प्रश्न खवचट नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. ते न मिळाल्याने त्यांनी आठ माणसांचा डबा भरून दिला.

ताम्हिणीचा रस्ता त्या दिवसांत बघण्यासारखा असतो. पानं झडलेला पळस लाल झालेला, काटेसावरीची बोंडं फुटायला आलेली, आणि मुळशीचं पाणी खाली खाली गेलेलं. गाडीत कोणी बोलत नव्हतं. मुळशी धरण आलं आणि गेलं, पण त्याची माहिती द्यायला माणूस नव्हतं. शेवटी नवऱ्यानेच न राहवून सांगितलं, “हे टाटांचं धरण. वीज करतात.” मी ‘हो का?’ म्हटलं. माणगाव येईपर्यंत तेवढ्यावर भागलं. पुढे म्हसळ्याचा फाटा बरोबर सापडला आणि आम्ही दोघंही थोडे हिरमुसलो. बरोबर सापडलेल्या रस्त्याबद्दल दोन माणसांनी बोलायचं तरी काय?

हरिहरेश्वरला आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम आहे. डोंगराला वळसा घालणारी प्रदक्षिणा ओहोटी असतानाच करायची; भरतीला लाटा त्या वाटेवर येतात आणि मग कोणाचं काही चालत नाही. दोन कड्यांमधल्या पायऱ्या उतरून खाली आलं की खाऱ्या वाऱ्या-पाण्याने जाळीजाळी झालेला खडक आणि समोर सताड उघडा समुद्र. नवविवाहित जोडपी तिथे हातात हात घालून उभी होती. आम्हीही उभे राहिलो. बऱ्याच वेळाने नवरा हळूच म्हणाला, “पाणी प्यायलीस का?” आमच्या घरातल्या पुरुषांना शृंगार म्हणून जे काही येतं, ते एवढंच. मी प्यायले.

खरी मजा बागमांडल्याला. तिथून सावित्री ओलांडून वेसवीला जायला जंगलजेट्टी आहे. अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी जिल्हा, मधे जेमतेम पंधरा मिनिटांचं पाणी. बोटीचा पुढचा पत्रा खाली पडतो आणि त्यावरून गाडी आत न्यायची, बहुधा उलटी. बनियनवरचा एक पोरगा मागे उभा राहून हात हलवतो: “येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, अजून, अजून, बास!” त्याच्या ‘अजून’ आणि ‘बास’ यांच्यात वीतभर अंतर असतं, आणि बासच्या पलीकडे सावित्री. नवरा घामाघूम होऊन उतरला, तर पोरगा गाडीच्या पत्र्यावर थाप मारून म्हणाला, “काका, झ्याक लावलीत.” नवऱ्याचा चेहरा असा फुललेला मी लग्नातही पाहिला नव्हता. आयुष्यभर जागा शोधणाऱ्या माणसाला अखेर कोणीतरी जागा दाखवली होती.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. “कुठे आहात?” नवऱ्याने फोन फिरवून नदी दाखवली. सासूबाईंनी ती पाहिली आणि विचारलं, “किती घेतले?”

वेळासला जायचं कारण कासवं. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीत रात्रीच्या वेळी या किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास, कधी त्याहून जास्त. पूर्वी ती कोल्हे-कुत्री आणि माणसं पळवायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती जपायला सुरुवात केली. अंडी उचलून कुंपणातल्या खड्ड्यांत नीट ठेवतात आणि वर टोपली झाकतात. पिल्लं साधारण पन्नासेक दिवसांनी बाहेर येतात. ती बघायला माणसं येतात आणि गावातल्या घरांतच राहतात.

घर म्हणजे घर. आम्ही बॅगा घेऊन अंगणात उभे राहिलो, तर काकू म्हणाल्या, “या. पुरुषमाणसं ओटीवर, बायका माजघरात. गाद्या मोजून घ्या.” शनिवार होता, ठाण्याचा आणि डोंबिवलीचा असे दोन ग्रुप आधीच आले होते. पंचवीस वर्षांनी दोघंच म्हणून आलेल्या आम्हा दोघांच्या मधे आता एक भिंत, एक देवघर आणि डोंबिवलीच्या आजी होत्या.

आणि काय सांगू, दोघांचाही जीव भांड्यात पडला. ओटीवर ठाण्याचे एक गृहस्थ नवऱ्याला विचारत होते, “ताम्हिणीतून आलात? चुकलात. महाडवरून यायचं.” दुसरे वीज खात्यातून निवृत्त झालेले, ते घरातली वायरिंग बघत होते. रात्री दहापर्यंत दुसऱ्या दिवशीच्या बाणकोट किल्ल्याच्या फेरीची वर्गणी नवऱ्याकडे जमा झाली होती आणि तो पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडत होता. माजघरात मी काकूंच्या बाजूला बसून ओले काजू सोलत होते. हिरवं बी विळीवर चिरायचं, दाभणाने आतला गर अख्खा काढायचा आणि चीक बोटाला लागू द्यायचा नाही, नाहीतर सालपटं निघतात. डोंबिवलीच्या आजींनी माझे हात धरून आधी तेल चोपडलं आणि मला दटावलं, “एवढी मोठी झालीस, कोणी शिकवलं नाही?” वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, हे मला तिथे गेल्यावर कळलं. तेव्हा कुठे सगळा उलगडा झाला.

सकाळी सातला सगळं घर किनाऱ्यावर. कासवमित्राने पहिली टोपली उचलली. खाली नुसती वाळू. दुसरीखाली वाळू हलली. काळपट, लहानशा बोंडाएवढं एक डोकं-पाठ वर आलं, मग त्याला चढून दुसरं. मोजून ती समुद्रापासून थोड्या अंतरावर सोडली. दोन्ही बाजूंना दोरी, दोरीमागे आपण. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, मदत करायची नाही. पुढची वाट त्यांनी स्वतः चालायची. शेवटचा नियम मराठी माणसाला फार जड जातो. पहिलं पिल्लू जरा तिरकं वळलं आणि दोरीमागून सूचना सुरू झाल्या. “डावीकडे रे, डावीकडे!” “नाही, सरळ जाऊ दे, पुढे उतार आहे.” “लाट येतेय, थांब जरा!” ठाण्याचे गृहस्थ तर त्याला जवळचा रस्ता दाखवत होते. लाट आली आणि पिल्लाला होतं तिथून मागे टाकून गेली. पिल्लाने कोणाकडेही न बघता पुन्हा चालायला सुरुवात केली. पुढच्या लाटेत ते गेलं.

मी सासूबाईंना फोन करून सगळं सांगितलं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त निपजतात, हे त्यांना पटलं. आई अंडी घालून जाते ती परत फिरकत नाही, हे मात्र त्यांच्या पचनी पडेना. “शंभर पोरं,” त्या म्हणाल्या, “आणि एकालाही डबा नाही?”

तुम्हाला जायचं असेल तर मार्च-एप्रिल बरा. निघण्याआधी गावात फोन करून कोणत्या घरट्यांचे दिवस भरत आलेत ते विचारा, कारण कासवं शनिवार-रविवार पाळत नाहीत. टोपल्या सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास उचलतात. एक हुकली तर दुसरीला थांबता येईल असा मुक्काम ठेवा. रोख पैसे जवळ असू द्या. जंगलजेट्टीच्या शेवटच्या फेरीची वेळ चौकशी करून ठेवा, नाहीतर मोठा वळसा पडतो. आणि दोघांना स्वतंत्र खोली हवीच असेल, तर अलीकडे हरिहरेश्वरला राहा. वेळासला ओटी आणि माजघर आहे.