भाव विचारायचाय, भाव!

पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनचा पहिला वर्ग उरकून बायको म्युनिकला उतरली ती एक वाक्य जिभेवर घोळवतच. ‘वास कोस्टेट दास?’ हे केवढ्याला? मोठं सोयीचं वाक्य. जर्मनमध्ये टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी. वस्तूकडे बोट दाखवून ‘दास’ म्हटलं की सगळी भानगड मिटते.

पण वाक्य वापरायला जागाच मिळेना. जर्मनीत मालावर किंमत लिहिणं दुकानदाराला कायद्याने भाग आहे, तीही कर धरून. पाकिटावरच्या मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात किलोचा दर वेगळा. बायको दुकानामागून दुकानं पालथी घालत होती, बिनकिमतीची एक वस्तू शोधत.

व्हिक्टुआलियनमार्क्टवर तिची फार भिस्त होती. १८०७ पासूनची मंडई, म्हणजे माणसं आपल्यातलीच असणार! दिवस पांढऱ्या श्पार्गेलचे, म्हणजे ॲस्परॅगसचे होते. चोवीस जूनला त्याचा हंगाम संपतो, तोवर हे लोक दुसरी भाजी ओळखत नाहीत. बायकोने ढिगाकडे बोट करून वाक्य टाकलं. एप्रनवाल्या बाईने काही न बोलता खडूने लिहिलेल्या पाटीकडे बोट केलं.

“मला दिसतेय हो पाटी!” बायको माझ्यावर खेकसली. “पण विचारल्याशिवाय घ्यायचं म्हणजे काय?”

तिचंही बरोबर आहे. आपल्या मंडईत भाव काय किंमत कळावी म्हणून विचारतात? ती नुसती सलामी. तो साठ सांगणार, आपण ‘काहीतरीच काय’ म्हणून दोन पावलं पुढे जाणार, तो ‘ओ ताई’ म्हणून हाक मारणार. इथे सलामीलाच पाटी आडवी! चिडून तिने एक श्पार्गेल उचलला आणि भेंडीचं मोडतात तसं त्याचं टोक मोडायला अंगठा लावला. “नाइन!” बाईला अखेर कंठ फुटला. इथे मालाला हात लावलेला खपत नाही, आणि श्पार्गेलचं टोक म्हणजे तर त्याचा जीव.

चीजच्या दुकानात मात्र माणुसकी दिसली. बाईने तुकडा कापला, काट्यावर ठेवला आणि गोड आवाजात विचारलं, थोडं जास्त झालं तर चालेल ना? “या, या!” बायको खूश. “बघा, न मागता वर घातलं. आपला भाजीवाला कोथिंबीर घालतो ना, तसं.” पावती हातात आल्यावर कोथिंबिरीचेही पैसे लागलेले दिसले. शिवाय पाटीवरचा दर शंभर ग्रॅमचा होता.

रविवारी बर्लिनला होतो. दुकानांना टाळं, पण माउअरपार्कचा जुना बाजार जोरात. आणि काय सांगू, तिथे कशावरच किंमत नव्हती! एका म्हाताऱ्याच्या टेबलावर पितळी खलबत्ता होता. बायकोने पदर नसताना पदर खोचला आणि विचारलं. “फ्युन्फउंटत्स्वान्त्सिश,” म्हातारा म्हणाला. आधी पाच, मग वीस. मराठी शाळेत पाढे घोकलेलीला पंचवीस कळायला कितीसा वेळ?

पुढचं पहिल्या वर्गात शिकवलेलं नव्हतं. तेव्हा पुढचं तिने मराठीतच केलं. “पंचवीस? अहो आजोबा, दांडा बघा की, वाकलाय!” आजोबा जर्मनमधून बहुधा आपल्या आजीच्या स्वयंपाकघराची थोरवी सांगत होते. ही दोन पावलं पुढे गेली. “हालो!” अशी मागून हाक आली. तिच्या चेहऱ्यावर पुणं सोडल्यापासून नसलेलं तेज आलं. पंधराला सौदा पटला.

“चला आता,” मी खलबत्ता पेलत म्हणालो. विमानात वजनाची मर्यादा असते हे तिला कोण सांगणार! पण ती कसली हलतेय? दिव्याचा भाव झाला, बुटांचा झाला, फुटक्या अकॉर्डियनचाही झाला. टेबल संपल्यावर तिने म्हातारा बसला होता त्या खुर्चीकडे बोट केलं.

“वास कोस्टेट दास?”

म्हातारा उठला. खुर्ची उलटी करून त्याने चारही पाय हलवून पाहिले, थोडा विचार केला आणि म्हणाला, “त्सेन.”

“दहा?” बायको म्हणाली. “काहीतरीच काय!”