एकटीच जेवली म्हणे!

बातमी दुबईच्या करामाहून निघाली आणि बर दुबईला पोचेपर्यंत तिला चांगली फोडणी बसली होती. डोंबिवलीच्या एक काकू, साठी उलटलेल्या, लेकीच्या घरी नातवाला सांभाळायला म्हणून व्हिजिट व्हिसावर आलेल्या, भर दुपारी एका इराणी हॉटेलात कबाब खाताना दिसल्या. कबाबाचं एक वेळ सोडून देऊ, हल्ली कोण काय खातं ते विचारायची सोय राहिलेली नाही. पण एकट्या! सोबत ना लेक, ना जावई, ना काका. चेहऱ्यावर ओशाळेपणा? नावालाही नाही. सावकाश लिंबू पिळून घेत होत्या म्हणे.

एवढ्यावर थांबलं असतं तर भिशीच्या एका संध्याकाळीत विषय मिटला असता. पण ही साथच आलीय. कोथरूडच्या निवृत्त मुख्याध्यापिका येतात, देराच्या हॉटेलात खोली घेतात आणि चार दिवस कुणाला फोनसुद्धा करत नाहीत; इथे त्यांचे सख्खे मावसभाऊ राहतात, तरीही! ठाण्याच्या एका बँकवाल्या बाई यजमानांना म्हणाल्या, “तुमचे गुडघे दुखतात ना, मग तुम्ही राहा, मी बघून येते.” आणि खरंच आल्या. यजमान घरी मुगाची खिचडी खाऊन आहेत आणि बाई बुर्ज खलिफाच्या १२४व्या मजल्यावरून त्यांना फोटो पाठवतायत. वर लिहितात काय, तर “औषध घेतलंत का?”

अहो, दुबई बघायची एक रीत असते! चार रात्री, पाच दिवस. एक दिवस वाळवंटातली सफारी, एक रात्र धाऊ या लाकडी गलबतावरची क्रूझ, एक संध्याकाळ ग्लोबल व्हिलेज, मग गोल्ड सूकमध्ये बायकांनी दुकानाच्या आत आणि पुरुषांनी दुकानाच्या बाहेर उभं राहायचं. बॅगेत भडंग, चिवडा आणि शंकरपाळे. टूर मॅनेजर माणसं मोजणार, वरणभात कुठे मिळेल ते सांगणार आणि बसमध्ये गाण्याच्या भेंड्या घेणार. केसरीने आणि वीणा वर्ल्डने बायकांच्या खास सहली काढल्या तेव्हाही आपण नाकं मुरडलीच होती. पण तिथे निदान चाळीस-पन्नास जणींचा घोळका असतो, म्हणजे एकीवर एकोणपन्नास जणींचं लक्ष. आता या नव्या खुळात लक्ष ठेवायचं तरी कुणी?

कुणी म्हणेल, यात नवं ते काय? मीना प्रभू तुर्कस्तान, इराण, मेक्सिको असे देश पालथे घालत हिंडल्या, कितीदा तरी एकट्याच. बरोबर आहे, पण त्या लेखिका होत्या. परत येऊन जाडजूड पुस्तकं लिहायच्या, म्हणजे ते कामच झालं. या बायका काहीही लिहीत नाहीत. नुसत्या फिरतात आणि खातात! १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा समुद्र ओलांडण्यावरून केवढा गहजब झाला. पण त्या निदान डॉक्टर व्हायला निघाल्या होत्या. आता समुद्राचं कुणालाच काही वाटत नाही. मुंबईहून विमान तीन-सव्वातीन तासांत पोचतं आणि घड्याळ दीड तास मागे जातं. सकाळी निघालेली बाई दुपारच्या जेवणाआधी हजर, तेही कुणाचं ताट न वाढता.

पुरुषांचा विषय काढू नका, प्लीज. शेजारचे सद्गृहस्थ एकटे बँकॉकला आणि तिथून पट्टायाला जाऊन येतात तेव्हा आपण “कामानिमित्त” असं म्हणतो आणि विषय बदलतो. ते तिथे काय बघतात, काय खातात, हे त्यांच्या घरीही कुणी विचारत नाही. बाई शारजाच्या पुस्तकांच्या जत्रेला एकटी गेली तरी मात्र चौकशी समिती बसते. असो, आपण मूळ मुद्द्यावर राहू.

मूळ मुद्दा असा की या सगळ्याला इथली व्यवस्थाच फूस लावते. दुबई मेट्रोच घ्या. ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली तेव्हापासून तिला चालकच नाही. गाडीला चालक नाही, बाईसोबत नवरा नाही, आणि दोघीही वेळेवर पोचतात. हे संस्कार! त्यात बायका-मुलांसाठी वेगळा डबा. एखाद्या पुरुषाने चुकून त्या गुलाबी रेषेच्या आत पाऊल टाकलं तर १०० दिरहम दंड. तिकिटाचं नोल कार्ड घेतलं की झालं. रिक्षावाल्याशी घासाघीस नाही, की “किती जणं?” अशी विचारणा नाही. डब्यात च्युइंगम चघळायचीसुद्धा बंदी आहे, त्यामुळे चिवड्याचा डबा उघडून शेजारणीशी ओळख काढायची सोयही बंद. मग बाई खिडकीबाहेर बघत बसते. बघता बघता तिला ते आवडायला लागतं आणि खुळाची सुरुवात तिथे होते.

आणि तो अब्रा! खाडीच्या या काठावरून त्या काठावर नेणारी लाकडी बोट, भाडं एक दिरहम. एका दिरहमात पाण्यावरचा वारा, देराच्या बाजूच्या मालवाहू धाऊ आणि मिनारांची रांग. कोथरूडच्या बाई म्हणे एकदा पलीकडे गेल्या आणि काही काम नसताना त्याच बोटीने परत आल्या. नुसत्या मजेसाठी! मग अल फहिदीच्या जुन्या वस्तीत हिंडल्या, वारा पकडून घरात आणणाऱ्या त्या चौकोनी बुरुजांखाली, म्हणजे बारजीलखाली, माना वर करून उभ्या राहिल्या. विजेचा पंखा नव्हता तेव्हा ही युक्ती इराणच्या किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांनी इथे आणली, हेही वाचून घेतलं. जवळच १७८७ सालचा अल फहिदी किल्ला. नवरा बरोबर असता तर “चल, ऊन लागतंय” म्हणून दहा मिनिटांत सगळं उरकलं असतं. एकटीने गेल्यामुळे अख्खी सकाळ वाया गेली.

फोटोंचं काय, असं वाटेल तुम्हाला. त्यावरही वाट काढलीय त्यांनी. कुठल्याही फिलिपिनो मुलीच्या हातात मोबाइल द्यायचा. ती उभा, आडवा, हसरा, लांबून, जवळून असे दहा फोटो काढते आणि वर “वन मोअर, मॅम” म्हणते. घरच्या माणसांनी तीस वर्षांत एकदाही न काढलेला धड फोटो या बायकांना परक्या शहरात पाच मिनिटांत मिळतो. मग काय, तोच डीपीला.

अबू धाबीचा किस्सा तर ऐकाच. घरी सांगायचं काय, तर “देवळात जाऊन येते”. आता देवळाला कोण नाही म्हणणार? १४ फेब्रुवारी २०२४ ला उघडलेलं बीएपीएसचं मंदिर, गुलाबी दगडातली सात शिखरं, लोक मुद्दाम येतात. दर्शन खरंच होतं. पण त्याच दौऱ्यात शेख झायेद मशीद होते, तिचे ८२ घुमट होतात, हजारो चौरस फुटांचा तो अखंड इराणी गालिचा होतो. वर लूव्हर अबू धाबीच्या भल्यामोठ्या जाळीदार घुमटाखाली, उन्हाचे कवडसे अंगावर घेत दोन तास बसून राहणंही होतं. झ्याँ नूव्हेल नावाच्या फ्रेंच वास्तुकाराचं ते काम आणि आमच्या बाई त्याखाली पाय सोडून बसलेल्या. पंचवीस दिरहमांची बस पकडून संध्याकाळी परत. प्रसाद आणलाय, म्हणजे बोलायलाही जागा नाही.

आता मुख्य गुन्हा, जेवण. एकटी फिरली हे माणूस विसरेल, पण एकटी जेवली? आपल्याकडे बाई एकटी जेवते ती सगळ्यांचं झाल्यावर, ओट्यापाशी, उरलेल्या पोळीबरोबर. ती पद्धत सोडून या बायका खुर्ची ओढून बसतात आणि मेनूकार्ड मागतात! १९७८ पासून चाललेल्या अल उस्तादमध्ये दह्यात मुरवलेले कबाब. सतव्याला त्याच साली निघालेलं रवी रेस्टॉरंट, ज्याच्या नावाने आदिदासने २०२२ मध्ये बूट काढले. तिथे तंदूरची रोटी आणि डाळ. संध्याकाळी दिरहम-दोन दिरहमांचा करक चहा आणि खजुराच्या पाकात घोळवलेले गरम लुकैमात. एका बाईंनी तर फिलिपिनो खाणावळीत सिनिगांग मागवलं. चिंचेचा कोळ घातलेलं ते सूप पिऊन म्हणाल्या, “अगं, हे तर आपल्या साराचं भावंड!” एवढा शोध लावायला घरचं कुणी बरोबर लागलं नाही.

शाकाहारी बायका तरी ताळ्यावर असतील, ही आशाही सोडा. हुम्मुस, फलाफल, मनाकिश, पुढे काय काय. बाहेर काही मिळणार नाही ही जुनी सबब तर केव्हाच गेली. १९८४ साली इथे आलेल्या धनंजय दातारांनी किराणा दुकानापासून वाढवत नेलेल्या ‘अल अदील’मध्ये भाजणी आणि मसाले हाताशी आहेत, करामात इडली-डोसा रस्तोरस्ती आहे. घरचं खायचंय ती खातेच. या बायकांना मुळात घरचं नकोच असतं, हे खरं दुखणं आहे.

हे वळण त्यांना लागलं कुठे? माझा संशय पूर्वेकडे जातो. आधी सिंगापूर-बँकॉक करून आलेल्या असतात ना! सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरायची, ताट घेऊन यायचं आणि मुकाट्याने नूडल्स खायच्या, हा तिथे रोजचा शिरस्ता. युनेस्कोने २०२० मध्ये त्या हॉकर संस्कृतीला वारसा म्हणून मान्यताच देऊन टाकली. आता युनेस्कोच सामील म्हटल्यावर तक्रार करायची कुठे?

इथल्या जुन्या धाटणीच्या एका खाणावळीतला प्रसंग मात्र सांगण्यासारखा आहे. खाली बाप्यांची गर्दी आणि माडीवर पडदे लावलेला ‘फॅमिली सेक्शन’. एक बाई आत आल्या तशी वेटरने मागे बघितलं, फॅमिली दिसेना. क्षणभर घुटमळला आणि मग अदबीने त्यांना वर घेऊन गेला. सहा जणांचं टेबल, स्वच्छ पडदा, पंखा आणि त्यात एकट्या बाई. एवढं प्रशस्त कुटुंब त्यांना घरी कधी मिळालं नव्हतं, असं त्या स्वतःच सांगत होत्या.

तक्रारीला जागा नाही असं नाही हं. खोलीचं भाडं एकटीलाही पूर्ण पडतं आणि त्यावरचा टूरिझम दिरहम हा रोजचा करही माणशी नसून खोलीमागे आहे, तो वाटून घ्यायला कुणी नसतं. अरबी मेझेची थाळी चौघांची येते. जून ते सप्टेंबर दुपारी बाहेर पडायचं म्हणजे शिक्षाच. रस्ता भलतीकडून ओलांडला तर दंड, आणि परक्या माणसांचे फोटो न विचारता काढले तर त्याहून मोठं लचांड. टेक्स्टाइल सूकमध्ये “बहनजी, देखो तो सही” म्हणत गळ्यात पश्मिना टाकणाऱ्यांना एकटीनेच नाही म्हणावं लागतं. पण चाळीस वर्षं भाजीवाल्याशी झगडलेल्या बाईला तिथे कसली आलीय अडचण.

त्या खाणावळीतल्या खालच्या गर्दीकडे आता जरा बघा. या देशात दहांतले जवळपास नऊ जण बाहेरून आलेले, आणि पुरुष बायकांच्या दुपटीच्या आसपास. केरळचा, नेपाळचा, पाकिस्तानचा, फिलिपाइन्सचा माणूस, आपल्या रत्नागिरीचाही, कुटुंब गावी ठेवून इथे बेडस्पेसवर, म्हणजे खोलीतल्या एका भाड्याच्या खाटेवर, राहतो आणि वर्षानुवर्षं एकटा जेवतो. स्वस्त पराठा, डाळ, करक, एका माणसाचं ताट, हे सगळं त्याच्यासाठी घडत गेलं. कोकणातल्या कितीतरी घरांवर स्लॅब पडली ती अशाच एकट्या जेवणांतून वाचवलेल्या पैशांतून. त्याच्या एकटेपणाला आपण कधी खूळ म्हटलं नाही. हौसेखातर एकटी जेवणारी बाई दिसली तेव्हाच आपल्या भुवया वर गेल्या. एकट्याने हाल सोसलेले आपल्याला चालतात. एकटीने मजा केली की घशाखाली उतरत नाही.

डोंबिवलीच्या काकूंचं पुढे काय झालं? काही नाही झालं. दुपारी नातू शाळेतून यायच्या आत घरी पोचल्या, त्याला वरणभात भरवला आणि लेकीला सांगितलं, “उद्या मी शारजाला जाणार आहे.” लेकीने नोल कार्डात पैसे भरून दिले. पिस्ता-कुनाफाचं ते गाजलेलं चॉकलेट काकूंनी काकांसाठी घेतलंय, पण निम्मं संपलंय अशी पक्की खबर आहे.

तेव्हा बायांनो आणि बाप्यांनो, पुढच्या वेळी एखादी मराठी बाई शेजारच्या टेबलावर एकटी दिसली तर “मिस्टर कुठे आहेत?” असं विचारू नका. फारच राहवलं नाही, तर काय मागवलंय तेवढं विचारा आणि चांगलं असेल तर तुम्हीही तेच मागवा.