शेवटचा वक्ता

शोकसभेत शेवटी कोणाला बोलू द्यायचं, हे ठरवणारा माणूस धूर्त लागतो. ब्रूटस धूर्त नव्हता, सज्जन होता. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’च्या तिसऱ्या अंकात त्याने घातलेला घोळ पाहून आपल्याकडचा तालुक्याचा कार्यकर्ताही कपाळावर हात मारून घेईल. सीझरला मारलं यांनी, आणि त्याच्या प्रेतापाशी बोलायची परवानगी दिली ती त्याच्या जिवलग मित्राला, मार्क अँटनीला. तीही आपल्यानंतर. कटातल्या कॅशियसने बाजूला घेऊन बजावलं होतं. पण तत्त्वनिष्ठ माणसांना बाजूला घेऊन काही सांगण्यात अर्थ नसतो.

बरं, आपलं बोलून झाल्यावर निदान थांबावं! तर हा लोकांनाच विनवतो, अँटनीचं ऐकल्याशिवाय कोणी जाऊ नका. आणि स्वतः निघून जातो.

त्याचं भाषण वाईट नाही. साध्या गद्यात, तोलूनमापून केलेलं आहे: सीझर प्रिय होता, रोम अधिक प्रिय. लोकांना ते इतकं पटतं की गर्दीतला एक जण ओरडतो, यालाच सीझर करा! एकाची सत्ता नको म्हणून खून केलेल्याला मिळालेली ही दाद.

अँटनीला अट अशी की मारेकऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. तो ती इमानाने पाळतो. त्यांना सन्माननीय म्हणतो, पुन्हा म्हणतो, म्हणतच राहतो, आणि दर खेपेला त्या सन्मानाचा एकेक टवका उडतो. मृत्युपत्र दाखवतो, पण वाचत नाही. मला कुठलं भाषण करता येतंय, असंही सांगतो. ज्यांना खरंच येत नाही ते असलं काही सांगत नाहीत, नुसते बोलत राहतात.

मला सर्वांत आवडतो तो सीझरच्या झग्याचा भाग. हे भोक कॅशियसच्या खंजिराचं, हे कास्काचं, हे लाडक्या ब्रूटसचं, असं तो बोट ठेवून दाखवतो. वास्तविक खुनाच्या वेळी स्वारी तिथे नव्हतीच. ट्रेबोनियसने आधीच तिला बाहेर नेलं होतं. कोणतं भोक कोणाचं, हे कळलं कसं? पण रडणाऱ्या गर्दीत एकालाही हे विचारावंसं वाटत नाही. प्रेक्षागृहात आपल्यालाही वाटत नाही, हे त्याहून वाईट. इतिहासकार स्वेटोनियस तर म्हणतो की खऱ्या अँटनीने सिनेटचे ठराव दवंडीवाल्याकडून वाचून घेतले आणि स्वतः जेमतेम चार शब्द जोडले. बाकीचा फुलोरा 1599च्या सुमाराचा, लंडनचा.

लोक घरं जाळायला धावतात, ते मृत्युपत्र न ऐकताच. अँटनीलाच त्यांना परत बोलावून आठवण द्यावी लागते: प्रत्येक रोमकराला 75 द्राख्मा, शिवाय बागा. मग ही गर्दी सिन्ना नावाच्या कवीला गाठते. कटातला सिन्ना वेगळा, हा वेगळा, हे कळल्यावर ‘मग याच्या वाईट कवितांसाठी मारा’ असा तोडगा निघतो. समीक्षेचा हा प्रकार पुढे फारसा वाढला नाही, हे कवींचं नशीब.

चौथ्या अंकात अँटनी आपल्या साथीदाराला, लेपिडसला, सीझरच्या घरी पिटाळतो: ते मृत्युपत्र घेऊन ये, त्यातल्या देण्यांना कुठे कात्री लावता येते ते पाहू. लेपिडस निमूट जातो. त्याची पाठ वळताच अँटनी दुसऱ्या साथीदाराला, ऑक्टेव्हियसला, सांगू लागतो की हा माणूस निरोप्याच्याच लायकीचा आहे. इथे त्याला कसली अट नसते.