पंधरा दिवसांत चाकणचा वाघ: नवशिक्या चालकांसाठी मार्गदर्शिका

आपला पिंपरी-चाकण पट्टा गाड्या बनवतो. टाटा, बजाज, महिंद्रा, मर्सिडीज. गाडी कोणतीही असो, कसून तपासल्याशिवाय गेटबाहेर पडत नाही. चालकाला मात्र एवढा जाच नाही. तेव्हा बसा आणि बेल्ट राहू द्या, शर्ट चुरगळतो.

१. अठरा वर्षं भरायची वाट पाहू नका. किल्ली पप्पांकडून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हे पप्पांना आधी सांगू नका. बिचाऱ्यांचा मूड जातो.

२. शिकण्यात वेळ दवडू नका. मान्यताप्राप्त केंद्रांसाठी सरकारने २९ तासांचा अभ्यासक्रम ठरवलाय, त्यातले २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे. तुम्हाला सोसायटीचं पार्किंग पुरे. ड्रायव्हिंग स्कूलला गेलातच, तर सरांच्या पायाखालीही ब्रेक असतो. तो जन्मभर तिथेच राहणार, असं धरून चाला.

३. भोसरीच्या ट्रॅकवर परीक्षा द्या. आठ काढा, रिव्हर्स घ्या, चढावर गाडी मागे सरकू देऊ नका. झालात पास! ८० च्या वेगात कचकन ब्रेक मारायला तिथे कोणी सांगत नाही. तो सराव पुणे-नाशिक रस्त्यावर करा, पुढे ट्रेलर बघून.

४. गणित विसरा. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर पळते. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसमुळे ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरलं की घाबरून पाय उचला. खरं तर ते तसंच दाबून धरायचं आणि स्टेअरिंगने वाट काढायची असते, पण हे तुम्हाला सांगितलंय कोणी?

५. शिफ्ट सुटताना चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीच्या बसला कट मारा, कंटेनरच्या डावीकडून घुसा. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही, म्हणजे तो शिव्याही देणार नाही.

६. काही झालंच, तर निबंधाची तयारी ठेवा. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. बाल न्याय मंडळाने १७ वर्षांच्या आरोपीला जामीन देताना अपघातांवर ३०० शब्द लिहायला सांगितले. लोक खवळले आणि तीन दिवसांत आदेश बदलला. ही मार्गदर्शिकाही साधारण तेवढ्याच शब्दांची आहे. उतरवून घ्यायला सोपी.

वाघ व्हायचं नसेल, तर रिकाम्या मैदानावर शिक्षकाला शेजारी बसवून जोरात ब्रेक मारायला शिका, ओल्या जमिनीवरही. आणि आरटीओला विनंती: लायसन्स देण्याआधी एवढं एकदा करून घ्या.