ओहमसाहेबांचं ऐकतंय कोण?

गाडीत साउंड बसवताना आपल्याकडे एकच नियम पाळला जातो: स्पीकर वाढवा, आवाज वाढेल. जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली काही वेगळं मांडलं होतं खरं; पण त्यांच्या डिक्कीत सबवूफर नव्हता, त्यामुळे त्यांचं मत ग्राह्य धरत नाहीत.

गाडीतला स्पीकर बहुधा ४ ओहमचा. दोन समांतर जोडले की २ ओहम, चार जोडले की १. अडथळा घटला की अ‍ॅम्प्लिफायरवर विजेचा भार चढतो. ब्रिज केलेले (म्हणजे दोन चॅनल एकत्र जोडलेले) बरेच अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमच्या खाली उतरायला राजी नसतात. तसं पुस्तिकेत छापलेलंही असतं, पण ती खोक्यासकट रद्दीत गेलेली असते. दोन स्पीकर सिरीजमध्ये जोडून ८ ओहम करता येतात. पण मग आवाज दबतो, आणि दबलेल्या आवाजासाठी कोण पैसे मोजतो?

शेवटी अ‍ॅम्प्लिफायर तापतो आणि लाल दिवा लावून संपावर जातो. मालक म्हणतो, माल डुप्लिकेट. वायरिंगवाला म्हणतो, याहून मोठा घ्या. ध्वनिप्रदूषणाचा जो बंदोबस्त पोलिसांना जमला नाही, तो एका चुकीच्या जोडणीने फुकटात करून दाखवला, हे मात्र कोणीच म्हणत नाही.